वेढे

पाचव्या सेमिस्टरला कॉम्प्लेक्स आलं
आणि मराठी शाळेतून आणलेला एक शब्द अडचणीत आला:
काल्पनिक.
पट्टणशेट्टी मॅडम म्हणाल्या, इमॅजिनरी म्हणजे खोटं नव्हे,
चूक नाव ठेवणाऱ्याची आहे, आय ची नाही.
त्यांचं इंग्रजी धारवाडचं, अडलं की कन्नड,
आणि शेवटी माझ्याकडं बघून "समजलं काय?"
एवढंच मराठी, रुमालाच्या टोकाला बांधल्यासारखं.

खानापूरहून सव्वासातची गाडी.
टिळकवाडीत रेल्वेगेट पडलेलं असलं तर पहिला तास गेलाच.
मालगाडीचे डबे मोजून झाले की मी हिशेब मांडायची:
घरातून निघून पुन्हा घरात, म्हणजे बंद वक्र,
आत कुठं खड्डा नसेल तर बेरीज शून्य.
खड्डे बरेच होते,
पण ते रस्त्याचे.

एका मंगळवारी लॉग.
मॅडमनी ऋण अक्षावर नागमोडी रेघ ओढली
आणि सांगितलं, कट कुठं घ्यायचा ती तुमची मर्जी,
सरळ काढा, वाकडा काढा,
पण एकदा काढला की ओलांडायचा नाही.
मागच्या बाकावर कोणीतरी फिस्सकन हसलं.
मग निवेदिता बेल्लद हसली, मीही हसले,
दोघी एकमेकींकडं न बघता.
मॅडमना कळायला जरा वेळ लागला.
त्यांनी रेघ पुसली, दुसरीकडं काढली.
शून्य होतं तिथंच राहिलं.
रेघ हलते, म्हणाल्या, बिंदू हलत नाही,
हे परीक्षेत विचारतात.

अप्पा जळक्या मोटारी भरतात, बसस्टँडच्या मागं.
हे काम ते हुबळीत एका उस्तादाकडं शिकले,
म्हणून घरात मराठी, गिऱ्हाइकाशी जी पडेल ती,
पण तांब्याची तार गुंडाळताना मोजणी कन्नड:
ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु.
मधे कुणी हाक मारायची नाही.
मारली तर सगळं उलगडून पुन्हा ओंदु.

इंटर्नलला मला वीसपैकी नऊ.
प्रश्नातलं वर्तुळ दोनदा फिरलं होतं,
तेही घड्याळाच्या काट्यासारखं.
मी एकदाच मोजलं, आणि चिन्ह विसरले.
उत्तर उणे चार पाय आय,
मी लिहिलं दोन पाय आय,
खाली दोन रेघा मारून, खात्रीनं.

दुकानात लाईट गेलेली.
मोबाईलच्या उजेडात पेपर उघडला
तर अप्पा म्हणाले, "काय काढालीस एवढं गोल गोल?"
मी सांगितलं, एका बिंदूभोवती वक्र किती वेढे घेतो ते मोजायचं.
वाकडा असू दे, लांब असू दे, पार नंदगडला जाऊन येऊ दे,
धरायचे फक्त वेढे.
त्यांनी पेपर हातात घेतला,
तांबडी शाई बोटानं चाचपली, वार्निश वाळलंय का बघतात तशी.
"आणि उलटे घेतले तर?"
मग वजा.
"बरोबर हाय. एक कॉईल उलटी पडली
तर मोटर नुसती हूं करून तापतीय, फिरत नाही.
बाई शहाणी हाय तुझी."

आणि मधल्या भोकात काय असतंय, त्यांनी विचारलं.
काही नाही, मी म्हटलं. तिथं फंक्शनच नसतं.
तिथं जायचं नाही, भोवतीनं फिरायचं.
अप्पांनी समोरच्या स्टेटरमध्ये मनगटापर्यंत हात घातला,
आत थोडा वेळ ठेवला.
"खुळे, फिरतंय ते इथंच."

मला सांगायचं होतं की आमच्यातही तसंच आहे,
की सगळी बेरीज त्या नसलेल्या जागेमुळंच येते,
की मॅडमनी नऊऐवजी दहा द्यायला हरकत नव्हती.
पण लाईट आली होती, तार ताणलेली होती,
आणि अप्पा हदिनेळूवर होते.